ढेकण्याच्या पाठीवरचं अंडं

"...मग मला एवढंच सांगा माई, यात मी वाईट काय केलं?"

निंबाजीनं पुन्हा तेच विचारलं.

सरजामाई तुरीच्या ओळीत वाकल्या होत्या. काखेत तोंडाला फडकं बांधलेलं मडकं. एकेक शेंग उलटून बघायच्या, तिच्यावर बसलेला हिरवा ढेकण्या, शेंगेतला रस पिणारा किडा, अलगद दोन बोटांत धरायच्या आणि फडकं जरा सारून मडक्यात सोडायच्या.



बांधावर निंबाजीचं तट्टू उभं होतं. चांगलं पोसलेलं, पाठीवर रंगीत खोगीर. मठातला माणूस तट्टावर बसून मठात आला, असं त्या ओढ्याकाठी आजवर कधी घडलं नव्हतं.

"बोला ना काहीतरी. मळणी सुरू झाल्यापासून तुम्ही माझ्याशी शब्द बोलला नाहीत."

माईंनी आणखी एक ढेकण्या उचलला.

"ओढ्यापलीकडं नेऊन सोडते," त्या म्हणाल्या.

"ते ठाऊक आहे मला! वीस वर्षं बघतोय. संध्याकाळी सोडता आणि दोन दिवसांत सगळे परत येतात."

"येतात."

"मग उपयोग काय?"

"दोन दिवस शेंग वाचते."

निंबाजी चिडून हसला. म्हातारी बदलायची नाही, असं त्याच्या मनात आलं.

मठ म्हणजे दोन गवती खोल्या, एक विहीर आणि तुरीचा एवढासा तुकडा. एका कडेला कोथिंबीर, यंदा फुलावर आलेली. नियम फारसे नव्हते, पण एक कडक होता. जीव मारायचा नाही. कुठलाच. ओढ्याच्या खालच्या अंगाला बोरवंड गाव. गावातली माणसं अडल्यानडल्या वेळी वर यायची, माईंसमोर बसायची, रडायची आणि खाली जायची.

निंबाजी मिसरूड फुटायच्या वयात इथं आला तो इथलाच झाला. अक्षर चांगलं, वाणी त्याहून चांगली. चार माणसांत बोलायला उभा राहिला की बायाबापड्या डोळ्यांना पदर लावायच्या. माईंच्या मागं मठ निंबाजीचा, हे सगळं गाव धरून चाललं होतं. तोही धरून चालला होता.

गावावर भिकनराव देशमुखाची गढी होती. वरचं राज्य कुणाचं, हे बोरवंडला धड माहीत नसे, कारण त्या काळात ते सारखं बदलायचं. देशमुख तेवढा बदलत नव्हता. मळणीच्या दिवसांत त्याची माणसं खळ्याखळ्यावर उभी राहायची. रास झाली की आधी देशमुखाची गोणी, मग देवाची ओंजळ, आणि मग उरलं तर घरच्यांचं.

माई त्यावर काय करायच्या? गढीच्या दारात जाऊन बसायच्या. अन्नपाणी न घेता. ऊन असो, थंडी असो. शेवटी देशमुख वैतागायचा. "त्या म्हातारीला उठवा रे!" म्हणायचा, आणि कुणाची तरी गोणी परत जायची, कुणाचा ओढून नेलेला बैल सुटायचा. चार दिवस बरे जायचे. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

निंबाजीला याची लाज वाटायची.

"दारात बसून न्याय मिळतो का माई?"

"न्याय नाही. एका घरी भाकरी झाली."

"एका घरी!"

"हो. एका."

मग मागल्या हंगामात कोंडाजीचं झालं. कोंडाजी म्हणजे येसू कुणब्याचा एकुलता मुलगा. त्यानं गोणी द्यायला नकार दिला. देशमुखाच्या माणसांनी त्याला त्याच्याच खळ्यातल्या मेढीच्या खांबाला बांधलं आणि बापाच्या आणि बायकोच्या देखत बडवला. निंबाजी धावत पोचला तेव्हा दोर सोडून माणसं निघून गेली होती. कोंडाजीचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. पाणी मागत मागतच तो गेला.

निंबाजी तसाच उठला. मठात गेला नाही. माईंना विचारलं नाही. घाटाकडं निघाला. घाटाखाली सुभानरावाच्या स्वारांचा तळ पडला होता.

सुभानराव म्हणजे कुठल्या तरी मोडलेल्या फौजेतून सुटलेला सरदार. माणूस फार गोड. निंबाजीनं कोंडाजीची गोष्ट सांगितली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं निंबाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"महाराज," तो म्हणाला, "तुम्ही हाक मारली. आम्ही ऐकली. आता काळजी सोडा."

आणि खरंच, पौर्णिमेच्या आत काम झालं. देशमुखाला गढीच्या दारातच कापला. माई ज्या पायरीवर बसायच्या, त्याच पायरीवर.

बोरवंडनं नारळ फोडले. निंबाजीला खांद्यावर घेतलं. येसूनं त्याच्या पायांवर डोकं ठेवून गळा काढला. सुभानराव स्वतः मठात आला, पागोटं काढून ठेवलं आणि माईंच्या पायांवर वाकला.

माईंनी पाय मागं घेतले.

निंबाजीच्या ते फार मनाला लागलं. एवढा मोठा माणूस, एवढं मोठं काम, आणि माईंचं हे वागणं.

सुभानराव म्हणाला, पावसाळ्यापुरता थांबतो, देशमुखाचे भाऊबंद उलटून आले तर? पावसाळा सरला. मग म्हणाला, घोडी दुबळी झालीत, दाणा खाऊन तयार झाली की निघतो. तो गढीतच राहिला. यंदाची मळणी लागली आणि त्याचे स्वार खळ्यावर उतरले. पहिल्याच दिवशी त्यांनी एका पोराचा हात मोडला.

निंबाजी तणतणत गढीवर गेला.

सुभानरावानं सगळं ऐकून घेतलं. हात जोडले.

"खरं आहे महाराज. माझी माणसं रानटी. तुमच्यासारखा शब्द त्यांच्याजवळ कुठला? त्यापेक्षा तुम्हीच जा ना खळ्यावर. लोक तुम्हाला मानतात. मारझोड नको, रडारड नको. दाणा तर लागणारच आहे, तो हसत यावा एवढंच."

आणि फिरायला त्रास नको म्हणून एक तट्टू दिलं.

तेव्हापासून निंबाजी खळ्याखळ्यावर जात होता. चार शब्द बोलायचा. एकमेकांना धरून राहा, दिवस पालटतील, असं काहीबाही. लोक ऐकायचे आणि गोणी भरायचे. दोन स्वार मागं जरा लांब उभे असायचे. त्यांना पुढं यावं लागत नसे.

आज हेच सगळं तो माईंना पटवून सांगत होता.

"मी जातो म्हणून कुणाच्या अंगाला हात लागत नाही. मी गेलो नाही तर ते जातील. मग तुम्हीच सांगा, मी जावं का न जावं?"

माईंनी विचारलं, "गोणी केवढी?"

"अं?"

"देशमुखाएवढीच?"

निंबाजीनं तट्टाकडं पाहिलं.

"थोडी मोठी आहे... घोडी जास्त आहेत त्यांची."

माई पुन्हा शेंगेवर वाकल्या. निंबाजीला राहवेना.

"मी माझ्यासाठी गेलो नव्हतो घाटाखाली. गावासाठी हाक मारली मी. माझ्या माणसांसाठी!"

माईंचा हात थांबला.

शेंगेवर एक ढेकण्या बसला होता. हिरवागार, नखाएवढा, सोंड शेंगेत खुपसलेली. माईंनी तो उचलला, पण मडक्यात टाकला नाही. निंबाजीचा हात ओढून त्याच्या तळव्यावर ठेवला.

लगेच घाण वास सुटला. निंबाजीनं तोंड फिरवलं.

"हा त्याचा धाकाचा वास," माई म्हणाल्या. "पाखरांसाठी. दुसराही एक असतो. आपल्याला येत नाही तो."

"कसला?"

"हाकेचा. शेंग चांगली लागली की हा तो सोडतो. ये म्हणतो, इथं ये. आपल्या मादीला म्हणतो, आपल्या माणसांना म्हणतो."

"मग?"

"मादी येते. आणि माशीही येते."

"कसली माशी?"

माईंनी हनुवटीनं कोथिंबिरीकडं खूण केली. पांढऱ्या फुलांवर दोनतीन माश्या बसल्या होत्या. घरातल्या माशीएवढ्याच, पोट जरा तांबूस. शांतपणे फुलातला रस पीत होत्या.

"या? या तर गरीब दिसतात."

"गोड खातात. दिसायला गरीबच."

"येऊन काय करते?"

"पाठ बघ त्याची."

निंबाजीनं हात डोळ्यांजवळ नेला. ढेकण्याच्या खांद्याशी, मान सुरू होते तिथं, खसखशीच्या दाण्यासारखं काहीतरी पांढरं चिकटलं होतं.

"अंडं आहे. माशीचं."

"एवढंसं?" निंबाजी म्हणाला, आणि नखानं ते खरवडून काढलं. सहज निघालं. त्यानं ते झटकून टाकलं. "झालं. वाचला हा."

माईंनी पुन्हा पाठीकडं बोट दाखवलं. निंबाजीनं पुन्हा निरखून पाहिलं. अंडं होतं तिथं, हिरव्या पाठीवर, सुईनं टोचल्यासारखं एक काळं भोक होतं.

"हे काय?"

"टरफल काढलंस तू. अळी केव्हाच आत गेली."

निंबाजीचा तळवा आपोआप खाली झाला. ढेकण्या बोटांवरून चालत टोकापर्यंत गेला, समोरच्या फांदीवर उतरला, तुरुतुरु चालत एका भरल्या शेंगेवर जाऊन बसला. सोंड काढली. शेंगेत खुपसली.

"अजून पितोय की!"

"हो. पण आता तो स्वतःसाठी पीत नाही."

वारा सुटला होता. वाळत आलेल्या शेंगांतून खुळखुळ झाली.

निंबाजीचा चेहरा मात्र एकाएकी उजळला. तो मोठ्यानं हसला.

"आलं ध्यानात! माई, अहो हा दृष्टान्त तर माझ्याच बाजूचा झाला! देशमुख हा ढेकण्या. गावाची शेंग शोषत बसला होता. त्याला माशी लागली आणि तो संपला. तूर वाचली! वाईट ते काय झालं?"

"माशीला तूर ठाऊक नाही, निंबाजी."

"नसू दे. तूर वाचली ना?"

माईंनी मडकं खाली ठेवलं. पदराला हात पुसले, तरी बोटांना माती राहिलीच होती. त्या त्याच्याजवळ आल्या. तो त्यांच्याहून हातभर उंच, म्हणून त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग अंधारात काही हरवलेलं शोधावं तशी बोटं हळूहळू मानेकडं नेली... परत खांद्यावर आणली... पुन्हा मानेकडं.

त्या काहीतरी चाचपत होत्या.

निंबाजी हसत होता तो थांबला.

सुभानरावाचा हात इथंच पडला होता. त्याच खांद्यावर. किती बरं वाटलं होतं तेव्हा! कोंडाजीला मांडीवर घेतल्यापासून आत जी आग पेटली होती ती त्या हातानं एकदम शांत झाली होती. कुणीतरी ऐकलं, असं वाटलं होतं.

नंतरचं त्याला आठवत गेलं. खळ्याखळ्यावर आपण बोललेले शब्द. ऐकता ऐकता खाली जाणाऱ्या माना. भरत जाणाऱ्या गोण्या. संध्याकाळी गढीच्या दारात त्या उतरायच्या तेव्हा सुभानराव म्हणायचा, "वा महाराज, आज वाणी रसाळ झाली म्हणायची." आणि आपल्याला ते ऐकून आनंद व्हायचा.

माईंनी हात काढून घेतला.

निंबाजीनं शेंगेवरच्या ढेकण्याकडं पाहिलं.

"त्याला कळतं का?"

"कुणाला?"

"ढेकण्याला. आत काय चाललंय ते."

"भूक वाढते, एवढं कळत असेल."

"आणि सुटका?"

"पिलू असेल तर सुटतं कधीकधी. अळी आत शिरायच्या आधी कात टाकली, तर कातीबरोबर अंडंही जातं."

"आणि मोठा असेल तर?"

"मोठ्याला कात नसते."

निंबाजी बांधावर बसला. तट्टू त्याचा दंड हुंगायला आलं, त्यानं त्याचं तोंड ढकललं.

"शेवटी काय होतं?"

"खाऊन झालं की अळी बाहेर पडते. मातीत जाते. हा इथंच कुठंतरी शेंगेखाली पडतो. रिकामा."

"आणि अळी?"

"तिची माशी होते. कोथिंबिरीवर बसते."

माईंनी मडकं उचललं आणि त्या पुढच्या ओळीत गेल्या.

निंबाजी उठला तो तट्टावर बसून तडक गावाकडं निघाला. त्याच्या मनात आता एकच होतं. येसूच्या खळ्यावर जायचं. ज्या खळ्यावर कोंडाजी मेला त्याच खळ्यावर उभं राहून सांगायचं, की आजपासून गोणी बंद. मोठ्याला कात नसते म्हणे! माणूस म्हणजे काय किडा आहे? माणसाला शब्द आहे. एका शब्दात सगळं झटकून टाकता येतं.

ओढ्याजवळ ते दोघे स्वार त्याची वाट पाहत होते. नेहमीसारखे मागं मागं आले.

येसूच्या खळ्यात ज्वारीची रास पडली होती. म्हातारा उपणत होता, सून सूप धरून उभी होती. तट्टाच्या टापा ऐकताच सून पोरांना घेऊन खोपटात गेली.

"येसूबा," निंबाजी तट्टावरून उतरत म्हणाला, "आज गोणी भरू नका."

येसूनं हातातली पाटी खाली ठेवली.

"आं?"

"गोणी भरायची नाही. आज नाही आणि उद्याही नाही. दाणा तुमचा आहे. तुमच्या घरात ठेवा."

येसूनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून मागं, बाभळीखाली उभ्या असलेल्या स्वारांकडं पाहिलं. पुन्हा त्याच्याकडं पाहिलं.

"काय चुकलं महाराज?"

"चुकलं काही नाही. मी खरंच सांगतोय."

"मागल्या खेपेला गोणी जरा हलकी भरली, ते कळलं का? सून भरत होती. तिला समजत नाही. पोरंबाळं आहेत घरात..."

"येसूबा, ऐका तरी..."

पण येसू ऐकतच नव्हता. तो राशीवर धावला. दोन्ही हातांनी दाणा ओढू लागला. एक गोणी काठोकाठ भरली. मग दुसरी घेतली. तिच्यात घाईघाईनं भरताना निम्मा दाणा बाहेर सांडत होता. सांडलेला तो मातीसकट गोळा करून आत टाकायचा.

"नको! नको म्हणतोय ना!" निंबाजी ओरडला आणि त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला.

हात धरताच येसू खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, मार चुकवायला बसतात तसा.

"घ्या महाराज," तो तोंड लपवून म्हणाला. "सगळी रास घ्या. पोरांना हात लावू नका."

खोपटाच्या दारातून कोंडाजीची बायको बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर निंबाजीला बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांत फक्त हिशेब होता. हा आता काय करेल, आणि पोरांना घेऊन मागल्या बाजूनं कुठून पळावं.

मागून एक स्वार हसला. "वा महाराज! एकाच्या दोन!"

ऊन कलतं झालं तेव्हा निंबाजी मठात परत आला. चालत आला. तट्टाची दोरी हातात होती, पण त्याच्यावर तो बसला नव्हता. स्वार गोण्या घेऊन गढीकडं गेले होते.

माई ओढ्यापलीकडं मडकं रिकामं करून आल्या होत्या आणि विहिरीच्या कडेला ते घासत बसल्या होत्या.

निंबाजीनं सगळं सांगितलं. सांगताना त्याचा सुंदर आवाज मधूनच फाटत होता.

"त्यांना वाटलं मी परीक्षा घेतोय. मी खरं बोललो माई, तर ते जास्त भ्याले."

माईंनी राखेचा हात मडक्याच्या आतून फिरवला.

"मी आता खाली जात नाही," निंबाजी म्हणाला. "इथंच राहतो. झाडलोट करीन. पाणी भरीन. उपास सांगाल तेवढे करीन. कुणाशी एक शब्द बोलणार नाही. मला इथं राहू द्या."

"नाही."

तो चमकला. वीस वर्षांत माईंनी कुणालाही नाही म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. चोरालासुद्धा नाही.

"का माई?"

"इथं तुला भितो कोण? भितात ते खाली."

निंबाजीनं मान खाली घातली. ओढ्यावर कुणीतरी गुरं हाकत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मग मी काय करू ते सांगा. सांगाल ते करतो."

"गढीत जा. तट्टू परत दे. चारचौघांत सांग सुभानरावाला, मी तुझा नाही म्हणून."

"तो हसेल. हाकलून देईल मला."

"देऊ दे."

"आणि मग?"

"मग खळ्यावर जा. पायी. मागं स्वार नसतील. येसूला सांग, ह्या सुभानरावाला मी आणला. मला तुम्ही खांद्यावर घेतलंत, आणि ह्याला मी आणला."

निंबाजीला खळं दिसलं. मेढ दिसली. सुपं टाकून जमलेली माणसं दिसली, आणि त्यांच्या हातांतल्या मळणीच्या काठ्या. आज खाली गेलेल्या सगळ्या माना त्या दिवशी वर असतील.



"माई... मागं स्वार नसले तर ते मला भिणार नाहीत."

"नाही भिणार."

"ते मला मारतील. येसू तर जिवंत सोडायचा नाही."

माईंचा हात मडक्यातच थांबला. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपून चालणारी ही बाई. तिचे ओठ थरथरताना निंबाजीनं आज पहिल्यांदा पाहिले. त्याला वाटलं, आता ती आपल्याला जवळ ओढील, राहा म्हणेल.

तो वाट बघत राहिला...

माईंनी मडकं पालथं घातलं. हात धुतले. तट्टाची दोरी त्याच्या हातातून गळून मातीत पडली होती, ती वाकून उचलली आणि पुन्हा त्याच्या मुठीत दिली.

"तुला भ्यायचं नाही, एवढं तरी त्यांच्या पदरात पडू दे."